तीन महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी

घोडबंदर रस्त्यावरील एका सोसायटीत राहणाऱ्या निवृत्त गृहस्थांचा हा प्रश्न आहे. ते आणि त्यांच्या पत्नी वर्षातून दोनदा मुलीकडे परदेशी जातात आणि प्रत्येक खेपेस त्यांची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी सुमारे तीन महिने बेसमेंटमध्ये उभी असते. शेजारी दर रविवारी खाली जाऊन दहा मिनिटे इंजिन चालू ठेवतात. तरीही परत आल्यावर गाडी सेल्फ घेत नाही आणि थोड्याच वर्षांत दोन बॅटऱ्या बदलाव्या लागल्या आहेत. बॅटरीचे टर्मिनल काढून ठेवावे, चार्जर घ्यावा, की शेजाऱ्यांना दहाऐवजी वीस मिनिटे इंजिन चालवायला सांगावे, असे त्यांनी विचारले आहे.

आपल्या पार्किंगच्या जागेजवळ विजेचा सॉकेट मिळू शकत असेल तर आपोआप नियंत्रित होणारा छोटा चार्जर जोडून ठेवणे हा सर्वांत चांगला उपाय आहे. सॉकेट मिळत नसेल तर जाण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करून तिचे मायनस टर्मिनल काढून ठेवावे. यांपैकी काहीही केले तरी रविवारचे इंजिन चालवणे मात्र थांबवावे. शेजाऱ्यांच्या आपुलकीबद्दल शंकाच नाही, परंतु त्या दहा मिनिटांनी बॅटरी वाचत नाही; तिचे मरण काही आठवडे लांबते आणि तोवर ते कोणाच्या लक्षात येत नाही, इतकेच. मी वागळे इस्टेटच्या परिसरात अनेक वर्षे गाड्यांच्या विजेचे काम करतो आहे. मुदतीआधी गेलेल्या ज्या बॅटऱ्या माझ्याकडे येतात, त्यांतील पुष्कळशा वापरून झिजलेल्या नसतात. त्या अर्धवट चार्जमध्ये नुसत्या उभ्या राहून खराब झालेल्या असतात. हे नुकसान पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

गाडी बंद करून कुलूप लावले की तिचा वीजवापर थांबला, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात रिमोटच्या संकेताची वाट पाहणारा रिसीव्हर, चोरीविरोधी यंत्रणा, इंजिनच्या संगणकाची स्मृती, घड्याळ आणि म्युझिक सिस्टीम हे सर्व घटक अखंड थोडी थोडी वीज घेत असतात. निरोगी गाडीत हा प्रवाह साधारणपणे २० ते ५० मिलिअँपिअर असतो. आकडा किरकोळ वाटतो, पण तो दिवसाचे चोवीस तास वाहतो. हजार मिलिअँपिअर म्हणजे एक अँपिअर, आणि एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला की एक अँपिअर-तास वीज जाते. ३० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला सुमारे ०.७ अँपिअर-तास, आठवड्याला ५ आणि महिन्याला जवळजवळ २२ अँपिअर-तास वीज बाहेर जाते. आपल्यासारख्या छोट्या गाडीत बहुधा ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. म्हणजे ती नवी आणि काठोकाठ भरलेली असली तरी साडेतीन आठवड्यांत निम्मी रिकामी होते. प्रवाह ५० मिलिअँपिअर असेल तर त्याच स्थितीला ती जेमतेम पंधरवड्यात येते. तीन महिने हा काळ या हिशेबाच्या फार पलीकडचा आहे, त्यामुळे आपली गाडी सुरू न होणे हे दुर्दैव नसून साधे गणित आहे.

आता रविवारच्या दहा मिनिटांचा हिशेब पाहू. इंजिन सुरू करताना बॅटरीची प्रचंड वीज जाते आणि ती भरून निघत नाही, असे अनेक मेकॅनिकही सांगतात, पण ते खरे नाही. सेल्फ मारताना प्रवाह १५० ते २०० अँपिअर असला तरी तो एक-दोन सेकंदच असतो. २०० अँपिअर दोन सेकंद वाहिले तर खर्च होतात सुमारे ०.१ अँपिअर-तास. तेवढे इंजिन मिनिटभरात परत देते. खरी अडचण पुढे आहे. जागेवर उभ्या गाडीत इंजिन मंद गतीने फिरत असते, त्यामुळे त्याच्यावर फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटरही त्याच्या क्षमतेपेक्षा बराच कमी प्रवाह देतो. त्यातील वाटा इंधनपंप, इंजेक्शन आणि रेडिएटरचा पंखा घेतात. एसी किंवा दिवे लावले तर आणखी वाटा जातो. बॅटरीच्या पदरात ढोबळमानाने ७-८ अँपिअर पडले असे उदारपणे मानले, तरी दहा मिनिटांत जमा होतात सव्वा अँपिअर-तास. आठवड्याचा खर्च ५ आणि जमा सव्वा! दर आठवड्याला पावणेचार अँपिअर-तासांची तूट येते आणि ती पाच-सहा आठवड्यांत बॅटरीला निम्म्याच्या खाली नेते. शिवाय कुलूप उघडून दार उघडले की गाडीतील झोपलेली इलेक्ट्रॉनिक मोड्यूल जागी होतात आणि पुन्हा झोपेपर्यंत काही अँपिअर प्रवाह घेतात. काही गाड्यांत याला अर्धा तास लागतो. दहाऐवजी वीस मिनिटे इंजिन चालवले तर तूट कमी होईल, मिटणार नाही.

जागेवर इंजिन चालवण्याचे इतर तोटे बॅटरीपेक्षाही गंभीर आहेत. दहा मिनिटांत इंजिनाचे तेल पुरेसे तापत नाही, त्यामुळे ज्वलनातून तयार झालेले पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये साठून राहते. बीएस-६ डिझेल गाड्यांत तर असे वारंवार चालवल्याने काजळी अडवणारा फिल्टर तुंबतो आणि तो साफ करण्याचा खर्च बॅटरीच्या किमतीच्या कितीतरी पट असू शकतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बंदिस्त बेसमेंटमध्ये थंड इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला वास नसतो आणि रंगही नसतो. शेजाऱ्यांनी, विशेषतः काचा लावून आत बसून, हे काम करू नये, एवढ्या एका कारणासाठीही ही प्रथा बंद करावी असे मला मनापासून वाटते.

बॅटरी उतरली तर पुन्हा चार्ज करता येते, मग ती खराब का होते, हा रास्त प्रश्न आहे. शिसे आणि सल्फ्युरिक आम्ल यांच्या बॅटरीतून वीज घेतली जाते तेव्हा दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते. हे सल्फेट ताजे असते तेव्हा बारीक आणि मऊ असते आणि चार्ज करताना सहज विरघळून मूळ रूपात परतते. बॅटरी त्याच अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली तर त्याचे मोठे, टणक स्फटिक बनतात, आणि खाऱ्या पाण्याच्या बादलीला धरलेल्या खवल्यांप्रमाणे ते मग नेहमीच्या उपायांनी निघत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. बॅटरी पुरती रिकामी झाली तरच असे होते हा गैरसमज आहे. दोन-तृतीयांश भरलेली बॅटरीही महिनोन्महिने तशीच राहिली तर तिच्यावर हा थर जमतो. आपल्या दोन बॅटऱ्या याच मार्गाने गेल्या असाव्यात. पहिल्या परतीच्या वेळी गाडी धक्क्याने किंवा जंपर केबलने सुरू झाली असेल आणि आपण निर्धास्त झाला असाल, पण त्या वेळीच बॅटरीची बरीचशी क्षमता संपलेली होती.

या विषयावर जे वाचायला मिळते त्यातील बराचसा सल्ला बर्फ पडणाऱ्या देशांतील गाड्यांसाठी लिहिलेला असतो. तिथे चिंता असते ती गोठण्याची आणि थंडीत जड झालेले इंजिन फिरवण्याची. ठाण्यात किंवा नवी मुंबईत हा प्रश्न येत नाही. उलट सौम्य हवेमुळे अर्धी रिकामी बॅटरीही इथे इंजिन फिरवते आणि मालकाला खोटा दिलासा देते. आपला शत्रू आहे उष्णता. बॅटरी कशालाही जोडलेली नसली तरी आतल्या आत थोडी उतरतच असते, आणि तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो. चार्ज कमी आणि हवा गरम असली की सल्फेटचे स्फटिकही लवकर वाढतात. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत उघड्या कंपाउंडमध्ये किंवा पोडियमच्या उन्हात उभी असलेली गाडी बेसमेंटमधील गाडीपेक्षा लवकर बॅटरी गमावते. आपली गाडी सावलीत आहे, ही जमेची बाजू आहे. पावसाळ्यात आणि खाडीलगतच्या दमट, खाऱ्या हवेत, म्हणजे कळवा, ऐरोली, वाशी, बेलापूर अशा भागांत, टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमते. ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून, कोरडी करून, वर पेट्रोलियम जेली लावली की काम भागते. धुताना बॅटरीची झाकणे घट्ट लागलेली असावीत, कारण सोडा आत गेला तर आम्लाची ताकद जाते.

आता प्रत्यक्ष काम. एक साधा डिजिटल मल्टिमीटर घरी ठेवावा. गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी काहीही चालू करण्याआधी, बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजावे. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. इंजिन बंद केल्याबरोबर मोजले तर पट्ट्यांच्या पृष्ठभागावरील तात्पुरत्या चार्जमुळे आकडा फसवा मोठा येतो. इंजिन चालू असताना तोच मीटर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान दाखवतो, आणि तसा दाखवत असेल तर अल्टरनेटर आपले काम करतो आहे. अलीकडच्या काही गाड्यांत संगणक हे व्होल्टेज गरजेप्रमाणे खाली-वर करतो, तेव्हा एखादा वेगळा आकडा पाहून लगेच अल्टरनेटर बदलायला निघू नये. १२.४ च्या खाली बॅटरी राहू द्यायची नाही, एवढी एकच मर्यादा पाळली तरी तिचे आयुष्य स्पष्टपणे वाढते.

जाण्यापूर्वी एकदा गाडीचा उभ्या स्थितीतील वीजवापरही मोजून घ्यावा, कारण वर मी धरलेला ३० मिलिअँपिअरचा आकडा आपल्या गाडीला लागू असेलच असे नाही. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियन अर्ध्या-पाऊण तासात करतो; स्वतः करायचे असेल तर पद्धत अशी. बॉनेट उघडे ठेवावे, दारे बंद करावीत, चावी गाडीपासून लांब न्यावी. मीटर १० अँपिअरच्या टप्प्यावर ठेवून त्याचे एक टोक बॅटरीच्या मायनस खांबाला आणि दुसरे मायनसच्या केबलच्या क्लॅम्पला पक्के जोडावे, आणि मगच क्लॅम्प सैल करून अलगद वर उचलावा. असे केल्याने प्रवाह क्षणभरही तुटत नाही आणि मोड्यूल नव्याने जागी होत नाहीत. अनेकजण आधी क्लॅम्प काढतात, मग मीटर जोडतात, आणि जाग्या झालेल्या गाडीचा मोठा आकडा पाहून घाबरतात. यानंतर किमान अर्धा तास थांबावे. आकडा टप्प्याटप्प्याने उतरत एका जागी स्थिरावतो आणि तो खरा धरायचा. मीटर जोडलेला असताना इग्निशन चालू करू नये, सेल्फ तर मुळीच मारू नये. मीटरचा फ्यूज उडेल.

५० मिलिअँपिअरच्या आत आकडा असेल तर चिंता नाही. १०० च्या वर असेल तर कोणीतरी वीज पीत आहे आणि ते शोधल्याशिवाय कोणताही उपाय पुरा पडणार नाही. माझ्या अनुभवात दोष बहुधा नंतर बसवलेल्या वस्तूंचा असतो. पहिला मान डॅशकॅमचा. पार्किंगमध्ये चित्रण करत राहण्याची सोय सुरू असलेला कॅमेरा २०० ते ३०० मिलिअँपिअर सहज घेतो, म्हणजे दिवसाला ५ ते ७ अँपिअर-तास, आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी अडीच ते साडेतीन दिवसांतच निम्मी होते. त्याच्या वायरिंग किटमध्ये कमी व्होल्टेजला आपोआप बंद होण्याची सोय असते, पण दुकानदार ती बहुधा ११.८ वर ठेवून देतो; ती १२.४ वर आणावी आणि लांब प्रवासाला जाताना कॅमेऱ्याचा प्लगच काढावा. त्यानंतर जीपीएस ट्रॅकर, गाडीतील दोष तपासण्याच्या (ओबीडी) सॉकेटमध्ये कायम खोचलेली उपकरणे, थेट बॅटरीवरून वायर घेतलेली म्युझिक सिस्टीम आणि अँप्लिफायर, डिकीतील किंवा ग्लोव्हबॉक्समधील न विझणारा दिवा, आणि कधीकधी अल्टरनेटरमधील खराब डायोड. फास्टॅगवर मात्र संशय घेऊ नये. त्याला स्वतःची वीज लागत नाही, टोलनाक्यावरील यंत्राच्या लहरींवरच तो उत्तर देतो. बिनचावीच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट पाहावी: चावी गाडीत किंवा अगदी जवळ ठेवली तर काही गाड्या नीट झोपत नाहीत.

चार्जरकडे वळतो. गॅरेजमध्ये दिसणारा जुन्या पद्धतीचा, आत जड ट्रान्सफॉर्मर असलेला चार्जर बॅटरी भरली तरी थांबत नाही. तो दिवसेंदिवस लावून ठेवला तर आतील पाणी उकळल्यासारखे उडून जाते आणि पट्ट्या उघड्या पडतात. आपल्याला हवा आहे तो टप्प्याटप्प्याने चालणारा स्वयंचलित चार्जर, जो सुरुवातीला ठरावीक प्रवाह देतो, मग सुमारे १४.४ व्होल्ट धरून प्रवाह कमी करत नेतो आणि शेवटी १३.२ ते १३.६ व्होल्टवर नुसती देखभाल करत राहतो. ३५ ते ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ४ अँपिअरचा चार्जर भरपूर झाला. बॅटरीच्या क्षमतेच्या एक-दशांश प्रवाह हा जुना नियम आजही योग्य आहे. विकत घेताना दोन गोष्टी विचाराव्यात. वीज जाऊन परत आली की तो आपोआप पुन्हा सुरू होतो का? काही चार्जरांना पुन्हा बटण दाबावे लागते, आणि आपण परदेशी असताना ते दाबणार कोण? दुसरे, तापमानाप्रमाणे तो व्होल्टेज बदलतो का? १२ व्होल्टच्या बॅटरीला तापमान एका अंशाने वाढले की सुमारे २० मिलिव्होल्ट कमी द्यावे लागतात, म्हणजे २५ ऐवजी ३५ अंशांना ०.२ व्होल्ट कमी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही सोय उपयोगी पडते. गाडीत इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची व्यवस्था असेल तर तिची बॅटरी ईएफबी किंवा एजीएम प्रकारची, म्हणजे वारंवार सेल्फ मारणे सोसेल अशी खास बनवलेली असते. चार्जरवर त्या प्रकारचा पर्याय असावा. अशा गाड्यांत मायनस खांबावर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, म्हणून चार्जरचा काळा चिमटा खांबावर न लावता माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या धातूच्या भागावर लावावा, म्हणजे आत गेलेल्या विजेची नोंद गाडीला होते.

जोडताना आधी लाल चिमटा प्लसला, मग काळा, आणि त्यानंतर भिंतीवरचे बटण. काढताना याच्या नेमके उलट. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांपर्यंत गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, म्हणून चिमटे लावताना किंवा काढताना विजेचे बटण बंदच असले पाहिजे. दरमहा जाणे-येणे असणाऱ्यांनी चिमट्यांऐवजी फ्यूज असलेली कायमची वायर टर्मिनलच्या बोल्टला बसवून घ्यावी. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये सॉकेट घेताना समितीची लेखी परवानगी घ्यावी आणि त्या लाइनवर गळती पकडणारा आरसीसीबी असल्याची खात्री करावी. इलेक्ट्रिक वाहनांसाठी ज्या सोसायट्यांनी पॉइंट घेतले आहेत, तिथे १५ अँपिअरचा साधा सॉकेट असेल तर तोच चालतो. देखभालीच्या अवस्थेत चार्जर इतकी थोडी वीज घेतो की बिलाचा मुद्दा समितीशी सामोपचाराने सुटावा. चार्जर जमिनीवर ठेवू नये. जुलैच्या मुसळधार पावसात आपल्याकडील कितीतरी बेसमेंटमध्ये घोटाभर पाणी येते. तो भिंतीवर उंच टांगावा किंवा बॉनेटच्या आत, पंख्यापासून दूर, पक्का बांधावा.

सॉकेटची सोय होत नसेल तर टर्मिनल काढणे हा दुसरा मार्ग, आणि तो बिनखर्चाचा आहे. पण आधी बॅटरी पूर्ण भरलेली हवी, आणि ती गाडी फिरवून भरत नाही. शेवटचा वीस टक्के चार्ज फार सावकाश आत जातो, त्याला कित्येक तास लागतात. म्हणून जाण्याच्या आदल्या दिवशी बॅटरीवाल्याकडून ती रात्रभर चार्जवर लावून घ्यावी. मग काचा वर करून, डिकी बंद करून, १० नंबरच्या पान्याने आधी मायनस क्लॅम्प काढावा. मायनस आधी काढण्याचे कारण असे की प्लस सोडवताना पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर शॉर्ट होतो. मायनस निघालेले असले की तो धोका उरत नाही. क्लॅम्प कापडात गुंडाळून बाजूला बांधून ठेवावा, बॉनेट लावावे आणि रिमोटमधील धातूच्या चावीने दार लावावे. ती चावी कुलपात नीट फिरते का, हे आधी तपासून पाहावे. वर्षानुवर्षे न वापरलेले कुलूप परत आल्या दिवशी अडकले तर आत जाण्याचा मार्गच राहत नाही. असे काढून ठेवलेली आजच्या प्रकारची निरोगी बॅटरी तीन महिन्यांनंतरही गाडी सुरू करण्याइतकी भरलेली असते.

याचे काही परिणाम स्वीकारावे लागतात. चोरीचा अलार्म बंद राहतो. पुन्हा जोडल्यावर घड्याळ लावावे लागते, काचा एका दाबात वर जाण्याची सोय पुन्हा शिकवावी लागते, काही म्युझिक सिस्टीम कोड मागतात, आणि इंजिनाची मंद गती काही किलोमीटर अंतरापर्यंत थोडी अस्थिर असते. ज्यांच्या गाडीला विजेवर चालणारा हँडब्रेक किंवा ऑटोमॅटिक गिअर आहे, ती बॅटरीशिवाय हलवणे कठीण होते. यातून आपल्या भागातील एक विशेष अडचण येते. ठाण्यातील नव्या इमारतींत एकावर एक गाड्या ठेवण्याची स्टॅक पार्किंग सर्रास आहे, आणि तिच्या साध्या प्रकारात वरची गाडी उतरवायची असेल तर खालची बाहेर काढावी लागते. आपली गाडी खालच्या पातळीवर असेल आणि किल्ली वॉचमनकडे असेल, तर टर्मिनल काढू नये. वरच्या सदस्याशी बोलून जागा तात्पुरती बदलून घ्यावी.

बॅटरी पूर्ण काढून घरी नेणेही चालते. छोट्या आणि मध्यम गाड्यांची बॅटरी दहा ते पंधरा किलोंची असते. ती सरळ उभी धरून न्यावी, बाल्कनीसारख्या हवेशीर पण उन्हापासून दूर असलेल्या जागी ठेवावी, आणि घरात जे कोणी असेल त्याने दोन महिन्यांतून एकदा चार्ज करावी. लादीवर ठेवली तर बॅटरी उतरते, ही समजूत जुन्या, सच्छिद्र खोक्यांच्या काळातील आहे. आजच्या प्लॅस्टिकच्या खोक्याला ती लागू नाही.

ज्यांची गाडी महिन्यांसाठी नव्हे, पण आठवडा-दोन आठवडे उभी असते, त्यांनी तिला खरोखर फिरवून आणावे. आठवड्यातून एकदा, किमान पाऊण तास, सलग वेगाने. घोडबंदर रस्त्याच्या संध्याकाळच्या कोंडीत अडकलेला पाऊण तास यात मोजू नये. नवी मुंबईकरांना वाशी ते बेलापूर हा पाम बीच मार्ग किंवा ठाणे-बेलापूर रस्ता सकाळी लवकर उत्तम आहे. ठाणेकरांनी रविवारी पहाटे पूर्व द्रुतगती मार्ग गाठावा. आपल्या शेजाऱ्यांना गाडी चालवता येत असेल आणि विम्याची कागदपत्रे चालू असतील, तर दहा मिनिटांच्या जागी ही फेरी सांगणे शक्य आहे. मात्र तीन महिने दर आठवड्याला एवढी अपेक्षा ठेवणे मला योग्य वाटत नाही.

सौर पॅनेलबद्दल थोडक्यात. उघड्यावर उभ्या गाडीसाठी ५ ते १० वॉटचे पॅनेल, चार्जिंगवर नियंत्रण ठेवणाऱ्या कंट्रोलरसह, गळता प्रवाह भरून काढते. बेसमेंटमध्ये त्याचा उपयोग शून्य, आणि पावसाळ्यात भरवसा कमी. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये ते खोचण्यापूर्वी इग्निशन बंद असताना त्या सॉकेटला वीज असते का ते पाहावे. पुष्कळ गाड्यांत नसते आणि पॅनेल मग कशालाच जोडलेले नसते.

इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्यांनाही हा विषय लागू आहे. मोठ्या बॅटरीबरोबर तिच्यातही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. काही मॉडेलमध्ये मोठी बॅटरी अधूनमधून छोटीला आपोआप चार्ज करते, काहींत करत नाही. माहितीपुस्तिकेत लांब मुदतीच्या पार्किंगचा भाग असतो, तो वाचावा आणि तिथे सांगितल्याशिवाय टर्मिनल काढू नये.

सगळे करूनही परत आल्यावर बॅटरी उतरलेली निघाली, तर गाडीला धक्का मारू नये. पूर्ण उतरलेल्या बॅटरीत इंधनपंप आणि संगणकही चालत नाहीत, ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होतच नाही, आणि न जळलेले पेट्रोल धुराच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते. जंपर केबल लावताना लाल वायर आधी उतरलेल्या आणि मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. खोके फुगलेले किंवा चिरलेले दिसले तर केबल लावूच नये. आणि इंजिन सुरू झाल्यावर काम संपले असे समजू नये. रिकामी बॅटरी भरण्याचे काम अल्टरनेटरवर टाकले तर तो तापतो आणि बॅटरी तरीही अर्धवटच राहते. त्याच दिवशी तिला चार्जरवर दहा-बारा तास लावावे, मग एक रात्र मोकळी ठेवून सकाळी मोजावे. १२.५ च्या वर टिकली आणि बॅटरीवाल्याच्या लोड टेस्टमध्ये, म्हणजे भार टाकून घेतलेल्या चाचणीत, तग धरली तर ती वापरण्याजोगी आहे. पाणी भरण्याच्या झाकणांची बॅटरी असेल तर पट्ट्या बुडालेल्या आहेत ना ते पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे किंवा आरओचे पाणी चालत नाही, आणि आम्ल तर कधीच वाढवू नये.

नवी घेण्याची वेळ आलीच, तर खोक्यावरील उत्पादनाचा महिना आणि वर्ष दुकानदाराकडून समजून घ्यावे. दुकानाच्या फळीवर सहा-आठ महिने न चार्ज करता पडून राहिलेली बॅटरी म्हणजे आपल्या बेसमेंटमधल्या जुन्या बॅटरीचीच अवस्था, फक्त वरचे प्लॅस्टिक नवे. शक्यतो तीन महिन्यांच्या आतील माल मागावा आणि पैसे देण्यापूर्वी काउंटरवरच मीटर लावायला सांगावे, १२.५ व्होल्टपेक्षा कमी दिसले तर दुसरी मागावी. आम्ल घरात सांडवण्याचे किंवा जुनी बॅटरी भंगारवाल्याला देण्याचे कारण नाही, कारण विक्रेता जुनी परत घेतो आणि तिच्यातील शिशाचे मूल्य नव्या किमतीतून वजा होते.